पाय मोडायची कळ

तापकीर गल्ली, दुसरा मजला.
खाली केबलची वेटोळी, वर मी आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर.
या मॉडेलची तेरावी बिजागरी आज.
प्लास्टिकच्या खुंट्यांत रोवलेले पितळेचे तीन नट,
तेवढ्यावर झाकणाचा सगळा भार.
कंपनीत कुणीतरी आठाणे वाचवले,
त्याचा हिशेब माझ्या टेबलावर निघतो.

पण येणारा येतो तो कबुलीजबाब द्यायला.
"मीच जोरात उघडला असेल."
"पोरानं एका हातानं मिटला, मी बघितलं होतं."
पासलकर म्हणाले, बॅगेत वर डबा ठेवायचो,
मटकीच्या उसळीचा.
मी सांगतो, काका, घडणच कच्ची आहे.
ते मान हलवतात,
आणि आवाज खाली आणून विचारतात,
"तरी पण, मी काय करायला नको होतं?"

भोसरीच्या एका मुलानं सात महिने मिटलाच नाही.
उघडाच आणला पीएमपीतून,
दोन्ही हातांवर, वाढलेलं ताट आणावं तसा.
कुणीतरी उठून जागा दिली म्हणे.
एलिझा साळवींनी कपड्यांचे चिमटे लावलेले,
एक निळा, एक पिवळा.
"पिवळा परत द्या हं, तो जोडीतला आहे."

रणपिसेबाईंचं दुखणं वेगळं.
वडगाव शेरीच्या कुठल्याशा सोसायटीच्या सेक्रेटरी.
बिजागरी धड, स्क्रीन धड,
एकच कळ मेलेली:
अक्षराचा पाय मोडायची.
बाकी सगळं उमटतं,
जोडाक्षर उमटत नाही.
बाहेरून दुसरा कीबोर्ड लावा म्हटलं, तर
"कुठे ठेवू? पोळपाटाशेजारी बसते मी."
सुटा भाग यायला पंधरा दिवस.
"तोवर चालवते," म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

पंधराचे चोवीस झाले.
मध्ये एकदा मेल आला, 'मशीन नीट होईल का?'
दुरुस्त लिहिता येत नव्हतं त्यांना.

चोविसाव्या दिवशी आल्या, काखेत फाइल.
"आधी कशी ठसक्यात लिहायचे मी,
थकबाकी त्वरित भरावी, अन्यथा...
आता अन्यथाच उमटेना.
त्वरित गेलं, सदस्य गेले,
'करण्यात येईल' तर अख्खंच गेलं.
मग काय, उरलं त्यात भागवलं."

वाचलं मी.

'गुरुवारी सकाळी नळाला पाणी नाही.
आज भरून ठेवा.
कुणाला जड बादली उचलवत नसेल
तर मला हाक मारा.'

आणि दुसरा, बी विंगमधल्या कुणाला तरी,

'काका, चार महिने झाले.
काही अडचण आहे का?
बोला, वाट काढू.'

खाली सही, उजवला.
नावात दोन पाय मोडावे लागतात,
जमेना, म्हणून एक ज सोडून दिला.

"भरले का त्यांनी?"
"अर्धे. पण बोलले पाऊण तास, जिन्यात उभं राहून.
बायको गेल्यापासून कुणी 'काका' म्हटलं नव्हतं म्हणे,
सगळे फ्लॅट नंबरच म्हणतात."
मग फाइल मिटत,
"हे मात्र मिनिट्समध्ये नाही घातलं हं."

कळ बसवली. चाचणीला क्ष, त्र, ज्ञ उमटवलं,
लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.
बाईंनी पदराला बोट पुसलं,
लिहिलं, 'अन्य'
थांबल्या,
तीनदा मागची कळ दाबून खोडलं,
आणि पैसे किती ते विचारलं.

त्या उतरत होत्या तेव्हा चौदावी बिजागरी चढत होती,
रबरबँडनं बांधलेली,
कुणा तरुण नर्सच्या छातीशी,
तोंडावर तीच ठरलेली माफी.
"बहुतेक मीच..."

मी स्टूल पुढे सरकवलं.
"तुमचं काही चुकलं नाही, ताई.
बसा. बघू आपण."